देवीची साथ आणि बर्नुलींचा हिशेब

अठराव्या शतकातल्या युरोपात देवी येऊन गेल्या नाहीत असं घर सापडणं कठीण. एक उपाय होता. देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाला टोचायचा. बहुतेकांना देवी सौम्य यायच्या आणि पुढची धास्ती संपायची. पण त्या काळच्या एका अंदाजानुसार दोनशेंत एखादा त्यातच दगावायचा. मग धडधाकट लेकराला टोचायचं की नाही?

डॅनिएल बर्नुली यांनी हा प्रश्न हाती घेतला. घराणं गणितज्ञांचं, पण वडिलांच्या आग्रहापायी ते वैद्यक शिकलेले. त्याआधी, १७३८ साली, त्यांनी जोखमीवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. समजा, एका कफल्लक माणसाला सोडतीचं तिकीट मिळालं: लागलं तर वीस हजार डुकाट (त्या काळची सोन्याची नाणी), नाही तर काहीच नाही, शक्यता निम्मी-निम्मी. ते त्यानं नऊ हजारांना विकून टाकलं, तर त्यात मूर्खपणा नाही, असं बर्नुली म्हणतात. तीच जोखीम गरिबाला जड जाते आणि श्रीमंताला झेपते. अर्थशास्त्र आजही या विचारावर उभं आहे.

३० एप्रिल १७६०. पॅरिसच्या विज्ञान अकादमीत त्यांचा देवीचा हिशेब मांडला गेला. हाताशी होता इंग्रज खगोलशास्त्रज्ञ हॅली यांचा ब्रेस्लाऊ (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) शहराचा मृत्युतक्ता, म्हणजे कुठल्या वयात किती जण हयात असतात याची यादी. गृहीतकं दोन. देवी न आलेल्या आठांपैकी एकाला त्या दरवर्षी येतात. आलेल्या आठांपैकी एक जातो.

यावरून बर्नुलींनी केलेल्या तक्त्यातली ही एक ओळ पाहा. जन्मलेली मुलं १३००. पाचव्या वर्षी हयात ७३२. त्यांतल्या ३१६ जणांना देवी येऊन गेलेल्या, ४१६ जणांना अजून यायच्या. अशी विभागणी हॅलींच्या तक्त्यात नव्हती. बर्नुलींनी ती समीकरणातून काढली. साथीचं गणित मांडणारे आजही माणसांची अशीच वाटणी करतात.

उत्तर आलं: देवी नसत्या, तर सरासरी आयुष्य २६ वर्षं ७ महिन्यांवरून २९ वर्षं ९ महिन्यांवर गेलं असतं. टोचण्यातले मृत्यू धरले तरी यातून जेमतेम दोन महिने वजा होतात.

फ्रेंच गणितज्ञ दालाँबेर यांना हे पटलं नाही. त्यांचा आक्षेप मला फार मोलाचा वाटतो. टोचण्याचा धोका याच महिन्यातला, लाभ मात्र म्हातारपणी मिळणारी दोन-तीन वर्षं. दोन्ही एकाच तराजूत कसं घालायचं? आज एखादी लस सरकारी कार्यक्रमात घ्यायची का, हे ठरवताना खर्च आणि वाचणारी वर्षं यांचा मेळ घातला जातो. तिथंही उद्याच्या वर्षाला आजच्या वर्षाइतकंच मोल द्यायचं का, यावर वाद होतोच.

१७६३ साली पॅरिसच्या न्यायसभेनं शहरात देवी टोचायला बंदी घातली. मे १७७४ मध्ये राजा पंधरावा लुई देवीनंच गेला. पुढच्याच महिन्यात नव्या राजानं, सोळाव्या लुईनं, भावांसह स्वतःला टोचून घेतलं.