नंदीचा भाऊ

नमस्कार मंडळी. तान्ह्या पोळ्याच्या कार्यक्रमात कार्टूनवर कोण बोलतं, असं आमच्या घरातूनच विचारणा झाली. पण मला बोलायचंय ते पोट्ट्यांबद्दल, म्हणून गावापासून सुरू करतो.

पुण्या-मुंबईकडच्या मित्रांसाठी सांगतो: विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे सुटे पैसे, मागतात. दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. मी तिसरीत. सगळे चार आणे द्यायचे, पण वेशीजवळच्या एका आजीनं रुपया दिला. घरी येऊन मी नंदीला गेरू फासला, भावाची टोपी घातली आणि परत तिच्या दारात उभा राहिलो.

आजी म्हणाली, "काऊन रे, मघाशी तुहा नंदी पांढरा होता ना?"

मी म्हटलं, "तो वेगळा, आजी. हा त्याचा भाऊ हाय."

तिनं हसून आणखी आठ आणे दिले, आणि दिवेलागणीला येऊन मायला सगळं सांगितलंही. मायनं पाठ चांगली शेकली. थोड्या वेळानं त्याच हातानं ताटात पुरणपोळी वाढली, वरून तूप.

गेल्या महिन्यात आपल्या काही पालकांनी शिनचॅन या कार्टूनची तक्रार केली तेव्हा मला ते तूप आठवलं. पोरं उलट बोलतात, नाचून दाखवतात, हे खरंच आहे. पाच वर्षांचा हा पोरगा जपानमधल्या कासुकाबे शहरातला. योशितो उसुई यांनी 1990 मध्ये त्याला प्रथम काढलं ते मोठ्यांच्या साप्ताहिकात, आणि 1992 मध्ये तो टीव्हीवर आला. बायकांच्या मागे लागण्याचे त्याचे चाळे कुठून आले, ते यावरून कळतं. भारतात 2008 मध्ये सरकारनं त्याला बंद केलं आणि नंतर तो कात्री लागून परतला. त्या कात्रीबद्दल माझी तक्रार नाही. काही भाग मीसुद्धा मुलीला दाखवत नाही.

पण गावाकडचा माझा भाचा तो का पाहतो, हे मी त्याच्या शेजारी बसून बघितलंय. शिनचॅन आईला तिच्या वजनावरून, खर्चावरून चिडवतो. आई डोक्यावर दणका देते, हे एवढं टेंगूळ येतं. भाचा तिथं हसत नाही, नुसता पुढं सरकतो. मग रात्री तेच चौघं आणि कुत्रा एका घरात, एका पंगतीला. तेव्हा तो निवांत मागे टेकतो. दुसऱ्या दिवशी टेंगूळ गायब, खोडी नवी. कुणी माफीनामा लिहून घेत नाही.

डोरेमॉन कार्टूनमधल्या नोबिताचंही तसंच. 1970 पासून बिचारा शून्य मार्क आणतोय. त्याला येतं काय? पडल्या पडल्या झोपणं, नेमबाजी आणि दोऱ्याचा खेळ. भविष्यातून आलेल्या डोरेमॉन या यंत्रमांजरानं कितीही यंत्रं दिली, तरी शेवटी नोबिता स्वतःच्या लोभानं आपटतोच. वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या कोणत्याही पोट्ट्याला हा आपला माणूस वाटणार. छोटा भीम जिंकणार हे पहिल्या मिनिटाला ठाऊक असतं. त्याच्याशी सतत भिडणारा कालिया मात्र वेगळा. आमचा भाचा म्हणतो, "मामा, कालियाच भारी. तो काय करीन, सांगता येत नाही."

एक मात्र खटकतं. खोडी काढायची मोकळीक बहुतेक पोरांनाच. आमच्या गावात नंदी पोरांचा. बहिणीनं तो ओढला तर मागून शेरा यायचा. तिची मोकळीक भुलाबाईच्या सणाला मुली म्हणतात त्या गाण्यांत. तिथं सासरच्यांची यथेच्छ टिंगल चालायची आणि सगळी म्हातारी माणसं कान देऊन ऐकायची. शिनचॅनची धाकटी बहीण हिमावारी दागिन्यांवर झडप घालते ना, तेव्हा माझी मुलगी टाळ्या पिटते.

आता आपल्या हॉलमध्ये मुलं-मुली नंदी घेऊन फिरणार आहेत. वाटायला सुटी नाणी पुढच्या टेबलावर ठेवली आहेत. मघापासून बघतोय, निळ्या टोपीतली एक पोरगी बोजारा घेऊन बाहेर गेली होती, ती आता टोपी काढून परत रांगेत उभी आहे. टेबलावरच्या काकूंना विनंती: तिला ओळखू नका. माझीच आहे. घरी गेल्यावर मायजवळ सांगायचं काम मी करतो.