पाव फिंजान गहवा

दल्ल्याची, म्हणजे अरबी किटलीची, लांब चोच कलते आणि फिंजानात, म्हणजे लहानशा कपात, जेमतेम पाव भाग गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पडतो. ही कंजुषी नव्हे. अरबस्तानात फिंजान काठोकाठ भरणं म्हणजे ‘प्या आणि निघा’ असं सुचवणं. शिवाय फिंजानाला कान नसतो. भरलं तर बोटं भाजतात आणि तळाचा घोट गार होतो.

सौदी अरेबियाच्या मध्यभागातल्या नज्दमधला गहवा सोनेरी दिसतो, कारण कॉफीच्या बिया अगदी हलक्या भाजतात. लोखंडी तव्यावर, मंद आचेवर त्या सतत हलवायच्या आणि फिकट बदामी झाल्या की लगेच उतरवायच्या. काळ्या पडल्या, तर कडवटपणापुढे वेलची हरते.

गार झालेल्या बिया खलबत्त्यात जाडसर कुटतात. पूड फार बारीक झाली, तर गाळ खाली बसत नाही आणि गहवा गढूळ येतो. एक लिटर उकळत्या पाण्यात तीन मोठे चमचे पूड घालायची, पण आच आधी कमी करायची, नाहीतर फेस उतू जातो. दहा-पंधरा मिनिटं मंद उकळू द्यायचं, उतरवून पाच मिनिटं गाळ बसू द्यायचा. मग वरचं निवळ तेवढं दुसऱ्या दल्ल्यात ओतायचं. मोठा चमचाभर कुटलेली वेलची आणि केशराच्या काही काड्या आता, शेवटी पडतात. सुरुवातीपासून उकळली तर वेलचीचा वास वाफेबरोबर निघून जातो. ही वेलची बरीचशी ग्वाटेमालातून येते, काही आपल्या केरळातूनही. साखर मुळीच नाही. गोडव्याला खजूर.

2015 साली युनेस्कोने सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि कतार यांची ही परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यात वाढण्याची रीत पेयाइतकीच मोलाची आहे. दल्ला डाव्या हातात, फिंजान उजव्या. आधी मानाच्या किंवा वडीलधाऱ्या पाहुण्याला, मग त्याच्या उजवीकडून पुढे. पाहुण्यानेही उजव्याच हाताने घ्यायचं. नुसतं रिकामं फिंजान पुढे केलं, की वाढणारा पुन्हा ओतणार. पुरे असेल तर ते मनगटातून डावी-उजवीकडे हलवायचं. तीनपेक्षा जास्त सहसा घेत नाहीत.

आणि बेदुइनांमध्ये, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या अरबांमध्ये, पाहुण्याने गहवा न पिता फिंजान समोर ठेवलं, तर त्याला काहीतरी मागायचं आहे, हे यजमान ओळखतो. काय हवं ते विचारणं त्याच्यावर येतं. शब्द मिळाल्याशिवाय पाहुणा ओठ लावत नाही.