सीपीयूचं तापमान सांगताय, खोलीचं कोण सांगणार?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच पालुपद: 'दादा, सीपीयूचं (कॉम्प्युटरच्या मुख्य चिपचं) तापमान ८५ अंश सेल्सिअस येतंय, चालेल का?' अरे, ८५ कधी येतंय? गेम खेळताना, की नुसता डेस्कटॉप उघडा असताना? आणि खोलीत किती आहे? ते कुणीच लिहीत नाही!

बघायचं कुठे, ते पटकन सांगतो. विंडोजचा टास्क मॅनेजर ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवतो, सीपीयूचं नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे. अर्धा तास गेम खेळा, मॅक्सिममचा रकाना बघा. झालं.

आता माझं नेहमीचं तुणतुणं. सीपीयूवरचा कूलर पंख्याचा असो की पाण्याचा, उष्णता शेवटी खोलीच्याच हवेत टाकतो. खोलीपेक्षा थंड तो सीपीयूला करूच शकत नाही. म्हणून सीपीयूच्या आकड्यातून खोलीचा आकडा वजा करायचा. उरेल ते कूलरचं प्रगतिपुस्तक.

नागपूरच्या मित्राचा मे महिन्यात फोन. "डिसेंबरात त्याच गेमला ६८ यायचं, आता ८२. पेस्ट वाळली वाटतं!" (पेस्ट म्हणजे सीपीयू आणि कूलरच्या मध्ये लावतात ती, उष्णता पुढे नेणारी.) म्हटलं, खोलीत किती? डिसेंबरात २२ होतं, आता ३६. करा वजाबाकी. दोन्ही वेळा ४६! पेस्ट बिचारी जागेवर आहे. (आणि नागपूरकर, खिडकीतला कूलर जरूर लावा, पण त्याचा ओला झोत थेट कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर, म्हणजे डब्यावर, सोडू नका.)

उलटंही होतं. परदेशी रिव्ह्यूवाला २१ अंशांच्या खोलीत बसून ७० दाखवतो. तुमच्या ३४ च्या खोलीत तोच कूलर ८३ च्या आसपास जाणार. लगेच 'डुप्लिकेट माल दिला' म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

'मी ७९५०एक्सवर ३६० चा एआयओ लावला, तरी सिनेबेंचला ९५च!' अशीही कमेंट आहे. (७९५०एक्स हा एएमडीचा रायझन ७००० मालिकेतला सीपीयू, ३६० चा एआयओ म्हणजे ३६० मिलिमीटर रेडिएटरचा पाण्याचा कूलर, आणि सिनेबेंच म्हणजे सीपीयूला पूर्ण राबवणारी चाचणी.) रायझन ७००० च्या या एक्सवाल्या चिपा एएमडीने बनवल्याच तशा आहेत. सगळे कोअर (चिपमधले काम करणारे भाग) राबायला लागले की ९५ पर्यंत चढतात आणि तिथेच राहून जमेल तेवढा क्लॉक, म्हणजे वेग, खेचतात. कूलर चांगला असेल तर आकडा तोच राहतो, क्लॉक वाढतो. तिथे आपली वजाबाकी चालत नाही, क्लॉकचे मेगाहर्ट्झ बघा. याच मालिकेतल्या, नावाच्या शेवटी एक्सथ्रीडी असलेल्या चिपा वेगळ्या, त्यांची मर्यादा ८९.

बाकीच्यांची वजाबाकी फारच मोठी आली, तर कॅबिनेटची बाजूची काच काढून तोच गेम पुन्हा चालवा. आठ-दहा अंश उतरले? मग दोष कॅबिनेटचा. समोरून हवा शिरायला फट नाही आणि आत आरजीबीच्या रंगीत दिव्यांची दिवाळी! असले डबे लोक का घेतात, देव जाणे. काहीच उतरलं नाही, तर कूलर काढा आणि बुडाची प्लास्टिकची फिल्म सोलली आहे का ते बघा. हसू नका! बऱ्याच फिल्मांवर 'आधी काढा' असं ठळक छापलेलं असतं, तरी लोक तिच्यावरच पेस्ट लावतात.