पाण्याला वाट, कपड्यांना वारा

श्रोतेहो, नमस्कार. नवं घर बांधताना, नाहीतर फ्लॅटचं काम काढताना, स्वयंपाकाच्या ओट्यावर महिनाभर चर्चा होते. देव्हारा कुठे, टीव्ही कुठल्या भिंतीवर, सगळं ठरतं. धुण्याची जागा मात्र शेवटी जो कोपरा उरेल तिथे ढकलली जाते. रोजचं काम, आणि त्याला उरलीसुरली जागा! आज त्या जागेबद्दल बोलू या. प्रश्न तीनच आहेत, लिहून घेतले नाहीत तरी लक्षात राहतील. पाणी येतं कुठून? पाणी जातं कुठे? आणि कपडे वाळतात कुठे? मशीन कुठलं घ्यायचं, हा प्रश्न चौथा.

यावरून मला मावशीच्या घराची गोष्ट सांगायलाच हवी. चिपळूणला तिचं घर बांधून होत आलं होतं. नकाशात मागच्या पडवीला लागून धुण्याची छोटी खोली दाखवलेली होती. फरशी बसल्याचा निरोप आला तशी मावशी बघायला निघाली, मीही तिच्याबरोबर होते. गवंड्याने अभिमानाने सांगितलं, "काकू, उतार एकदम बरोबर काढलाय."

मावशी काही बोलली नाही. बाहेरच्या पिंपातून तिने बादली भरून आणली आणि जिथे मशीन यायचं होतं, त्या कोपऱ्यात भिंतीलगत सावकाश ओतली. आम्ही सगळे बघत उभे. एक धार सांडपाण्याच्या जाळीकडे गेली खरी, पण बाकीचं पाणी मधल्या दोन फरश्यांवर थबकलं, पसरलं आणि हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराकडे निघालं. फरशीवर सिमेंटची पूड होती. ती पाण्याबरोबर पुढे सरकत होती, त्यामुळे पाणी कुठे चाललंय ते सगळ्यांना स्पष्ट दिसलं.

गवंडी म्हणाला, "एवढंसं पाणी काकू, फडकं मारलं की झालं."

"रोज फडकं मारायचं कोणी, तेवढं सांग," मावशी म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. "आज तुझ्या चार फरश्या निघतील. नाहीतर मी जन्मभर इथे पुसत बसेन."

फरश्या निघाल्या. उतार नव्याने काढला, स्वयंपाकघराच्या दारात इंचभर उंच ग्रॅनाइटची पट्टी बसवली. पुन्हा बघायला गेलो, तर या वेळी बादली गवंड्यानेच भरून ठेवलेली! त्याने स्वतः ओतली. पाणी सरळ जाळीकडे गेलं आणि तिथेच नाहीसं झालं. त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान मला अजून आठवतं.

मावशीचं काम अजून संपलं नव्हतं. ती भिंतीला लागून उभी राहिली, हात कोपरात वाकवला आणि म्हणाली, "इथे पेन्सिलीने खूण कर." कपडे ठेवायचा, घड्या घालायचा कट्टा त्या खुणेच्या जरा खाली झाला. कट्ट्याखाली बादल्या आणि साबण. शेजारी धुण्याचा दगड, कारण कॉलर आणि पायपुसणी ती अजूनही हातानेच घासते. मशीनसाठी अर्धा फूट उंच चौथरा, आणि प्लग छातीच्या उंचीवर. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, तेव्हा घरोघरी काय झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि पडवी! नकाशात पडवीला काचेच्या खिडक्या होत्या. मावशीने त्या काढून नुसती जाळी लावायला सांगितली, वर लांब पागोळीचा पत्रा. कोकणात जून ते सप्टेंबर कपडे वाळवायचे म्हणजे वारा आरपार हवा. सहा किलो कपडे मशीनने कितीही पिळून दिले, तरी त्यांत तीनेक लिटर पाणी उरतं. ते सगळं हवेत जायचं असतं. खोली बंद असेल तर ते भिंतींवर बसतं, भिंतींना बुरशी धरते आणि कपड्यांना कुबट वास येतो.

म्हणूनच शहरात लोक ड्राय बाल्कनी, म्हणजे धुण्या-वाळवण्याची छोटी बाल्कनी, स्लायडिंग खिडक्यांनी बंद करून घेतात, ते मला अजिबात पटत नाही. वाळत घालायची हक्काची जागा आपणच बंद करतो, आणि मग ओल्या चादरी हॉलमधल्या दारांवर टाकतो. बंद केलीच असेल, तर निदान एक्झॉस्ट फॅन बसवा आणि छताला पुलीचा स्टँड लावा. त्या स्टँडच्या दोऱ्या घरातल्या पुरुषांनीही ओढाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि पावडर कमी घाला! फेस जास्त म्हणजे कपडे जास्त स्वच्छ, हे खरं नाही. जास्तीचा फेस कपड्यांतून नीट निघत नाही, आणि मग त्यासाठी पुन्हा पाणी जातं.

आता तांत्रिक गोष्टी भराभर सांगते. पाणी येतं कुठून? टाकीतून. टाकी नळाच्या दहा मीटर वर असेल तर साधारण एक बार दाब मिळतो, तीन मीटर वर असेल तर जेमतेम ०.३ बार. म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावर मशीन भरायला वेळ लागतो. घेण्याआधी मशीनला कमीत कमी किती दाब लागतो ते विचारा.

पाणी जातं कुठे? फ्रंट लोडची, म्हणजे समोरून दार असलेल्या मशीनची, सांडपाण्याची नळी साधारण दोन ते तीन फूट उंचीवर अडकवायची असते. ती जमिनीवर टाकली तर मशीन पाणी भरत राहतं आणि पाणी आपोआप वाहून जात राहतं. टॉप लोडमध्ये, म्हणजे वरून झाकण असलेल्यांत, मात्र पुष्कळ मशीनना पंप नसतो. त्यांची नळी खालीच ठेवावी लागते. दोन्हींची रीत वेगळी, म्हणून आधी मशीनचा प्रकार ठरवा आणि मग प्लंबरला बोलवा.

विजेचं म्हणाल, तर पाणी तापवणारं मशीन दोन हजार वॉटपर्यंत वीज घेतं, म्हणजे जवळपास नऊ अँपिअर. सहा अँपिअरचा प्लग चालणार नाही, सोळाचाच हवा. अर्थिंग तपासून घ्या, आणि धक्का बसताच वीज तोडणारा तीस मिलिअँपिअरचा स्विच बोर्डावर बसवून घ्या. ओल्या जागेत यावर खर्च वाचवू नका.

आणि टेप घेऊन दार मोजा. फ्रंट लोड मशीन साठ सेंटिमीटर रुंद असतं, आणि ड्राय बाल्कनीचं दार पुष्कळदा दोन फुटांचं. चौकट धरली की मशीन आत जात नाही. गेलंच, तर त्याचं दार पूर्ण उघडून, समोर वाकून कपडे काढता येतील एवढी जागा उरते का, ते बघा. टॉप लोड असेल तर वर फळी मारण्याआधी झाकण उघडून बघा.

गवंडी उतार झाला म्हणाला, की बादली भरा. पैसे पाणी बघून द्या. नमस्कार.