दुबळेपणाची सवलत

साल १८२९. आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरची केप वसाहत. डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनॉडपुढे, म्हणजे मंडळीच्या सर्वोच्च सभेपुढे, एक प्रश्न आला होता. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, सगळ्यांनी एकत्र घ्यायचं, की रंग बघून वेगवेगळं? सिनॉडचं उत्तर स्वच्छ होतं. वर्ण किंवा कूळ पाहून प्रभूच्या मेजाशी भेद करता येणार नाही.

मग १८५७ उजाडलं. चर्च तेच, शास्त्रही तेच. या वेळचा ठराव मात्र नीट ऐकावा असा आहे. सर्वांनी एकाच मंडळीत असणं इष्ट आहे आणि शास्त्राला धरून आहे, हे तो आधी मान्य करतो. आणि पुढे म्हणतो, ‘काही जणांच्या दुबळेपणामुळे’ जिथे अडचण होते, तिथे नव्याने ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांनी वेगळ्या इमारतीत उपासना करावी.

दुबळे कोण होते? ज्यांना काळ्या माणसाच्या शेजारी बसवत नव्हतं, ते. उठून जायचं मात्र दुसऱ्यांनी!

१८८१ मध्ये या उठवलेल्या लोकांसाठी वेगळं चर्चच स्थापन झालं. १९४८ नंतर दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद हे सरकारी धोरण बनलं, तेव्हा देवळातली फाळणी जुनी होऊन गेली होती.

ख्रिस्ती माणूस ख्रिस्ताच्या मागे चालतो, मग त्याच्यासारखा का दिसत नाही? या प्रश्नाला ‘ढोंग’ हे उत्तर पटकन मिळतं. ढोंगी असतातच, येशूने त्यांना फटकारलंही आहे. पण १८५७ च्या त्या सभेत बसलेली माणसं शास्त्र मानणारी होती. त्यांनी ख्रिस्ताचा शब्द नाकारला नाही. तो खरा आहे, असं लिहून ठेवलं आणि खाली एक सवलत जोडली.

अशा सवलतींचा इतिहास लांबलचक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातले पाचवा ते सातवा हे अध्याय, म्हणजे डोंगरावरचं प्रवचन, वाचून पाहा. वैऱ्यांवर प्रीती करा. एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा. उद्याची चिंता करू नका. हे जगायचं कसं? मध्ययुगातल्या चर्चने वाट काढली. दहा आज्ञा सर्वांना, पण यातला कठीण भाग मठात राहणाऱ्या व्रतस्थांसाठी. सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने हे दोन दर्जे मोडून काढले. वचन सर्वांसाठीच, असं तो म्हणाला. पण गाल पुढे करायचा तो स्वतःपुरता. न्यायाधीश किंवा शिपाई म्हणून तलवार उचलावी लागते.

त्याचा तर्क अगदीच टाकाऊ नाही. न्यायाधीशच क्षमा वाटत सुटला, तर दुबळ्याला वाली कोण? पण एकदा दार किलकिलं झालं, की त्यातून काय काय आत येईल ते कुणाच्या हातात राहत नाही.

पोटापाण्याची सवलत तर कुणाला मागावीही लागत नाही. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी मार्च १७४८ मध्ये भर वादळात देवाकडे वळला. त्यानंतर, होय, त्यानंतर, १७५० ते १७५४ या काळात तो गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. वर खलाशांसाठी उपासना चाले, खाली माणसं साखळदंडात असत. समुद्र सोडला तोही तब्येतीमुळे. पुढे तो पाळक झाला. या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका छापून आली १७८८ मध्ये. कप्तान असताना हा धंदा गैर आहे असं मनाला शिवलंही नव्हतं, हे त्याने तिच्यात मान्य केलं आहे. आजूबाजूचं अख्खं जग ज्याला सभ्य धंदा म्हणत होतं, तो त्यालाही सभ्यच वाटला.

आपल्या माणसांची ही भीड पहिल्या पिढीपासून आहे. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला जेवत असे. यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहुदी माणसं आली आणि तो हळूच बाजूला झाला. प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावलं, आणि ते गलतीकरांच्या पत्रात लिहूनही ठेवलं. प्रभूला तीनदा नाकारून रडलेला हा पेत्र. पुनरुत्थान पाहिलेला, पवित्र आत्मा लाभलेला. तरी पंक्तीतून उठला.

माणूस पापी आहे, म्हणून तो उणा पडतो, असं मंडळीत सांगतात. ते खरं आहे. जे चांगलं करावंसं वाटतं ते आपल्या हातून होत नाही, ही कबुली पौलानेच रोमकरांना लिहिली. पण त्याच पत्रात, त्याआधी, तो विचारतो, कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं काय? मुळीच नाही! पहिलं वाक्य आधार म्हणून पाठ होतं. दुसरं फारसं कुणी उद्धृत करत नाही. आणि मग ‘आम्ही दुबळे आहोत’ ही कबुली पश्चात्तापाची न राहता परवानगीची होते. १८५७ च्या ठरावात तेच झालं.

त्या ठरावाला उत्तर द्यायला सव्वाशे वर्षं लागली. ते आलं १९८२ मध्ये, केप टाउनजवळच्या बेलहार इथे, १८८१ मध्ये वेगळ्या काढलेल्या त्याच चर्चच्या सिनॉडमधून. वंशावरून माणसं वेगळी ठेवणारी शिकवण आम्ही नाकारतो, असा विश्वासाचा जाहीरनामा तिथे मांडला गेला. १९८६ मध्ये चर्चने तो स्वीकारला. सोबतच्या पत्रात त्यांनी स्पष्ट केलं, की हे कोणा माणसांविरुद्ध किंवा कोणत्या चर्चविरुद्ध नाही, एका खोट्या शिकवणीविरुद्ध आहे.