ऑपरेशन आणि रेडिएशन यांच्या मधले आठवडे

श्रोतेहो, नमस्कार.

मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन होतं. सर्जन सांगतात, “दिसत होती तेवढी सगळी काढली.” टाके निघतात, पेशंट घरी येतो, चार घास जेवायला लागतो. महिन्याभरानं रेडिएशनच्या तयारीसाठी एमआरआय काढला, की त्याच जागी पुन्हा पांढरी कड दिसते. मग घरात कुणीतरी म्हणतंच, “तरी सांगत होतो, हात लावला की पसरतं.”

तर तसं नसतं. हे मी ग्लायोब्लास्टोमाबद्दल सांगतोय. मोठ्या माणसांत मेंदूतच सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी हा सर्वांत जास्त आढळणारा आणि सर्वांत दांडगा. त्याला धड सीमा नसते. मधला गोळा सर्जनला दिसतो, पण काही पेशी आधीच आजूबाजूच्या मेंदूत शिरलेल्या असतात. त्या सर्जनला दिसत नाहीत आणि एमआरआयलाही दिसत नाहीत. अमेरिकेतले सर्जन वॉल्टर डँडी यांनी १९२०च्या दशकात काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भागच काढून पाहिला होता. तरी रोग हटला नाही. म्हणजे चाकूनं रोग पसरत नाही. तो आधीच पसरलेला असतो. ऑपरेशन झालं नसतं तर तो वाढलाच असता, आणि मेंदूवरचा दाब तेवढा कमी झाला नसता.

मग लगेच शेक, म्हणजे रेडिएशन, का देत नाहीत? जखम भरावी लागते. गाठीचा तुकडा तपासून पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, कारण आता जनुकीय तपासण्याही करतात. मग चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मास्क बनतो, सीटी होतं, किरणांचा आराखडा ठरतो. साधारण तीन ते सहा आठवडे यात जातात. फार घाई करून फायदा होतो असं दिसलेलं नाही. पण “आधी महिनाभर काढा घेऊन बघू” म्हणून तारीख पुढं ढकलणं, हे मात्र मी अजिबात मान्य करणार नाही. या आजारात तो महिना फार महागात पडतो.

या मधल्या काळात गाठ पुन्हा दिसू लागणं दुर्मीळ नाही. काही अभ्यासांत तर जवळपास निम्म्या रुग्णांत ते आढळलंय. अशा रुग्णांचं पुढचं आयुष्य सरासरीनं कमी असतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्यामुळे उपचार थांबत नाहीत. क्वचित दुसरं ऑपरेशन करतात; बहुतेकदा आराखडा नव्या एमआरआयवर आखून रेडिएशन सुरू करतात. २००५ पासून जगभर रुळलेली पद्धत म्हणजे सहा आठवड्यांत ३० वेळा मिळून ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) किरणं आणि सोबत रोज टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाची गोळी.

आणि प्रत्येक पांढरी कड म्हणजे गाठच, असंही नाही. ऑपरेशनच्या वेळी कडेच्या थोड्या भागाचा रक्तपुरवठा तुटलेला असेल, तर तोही काही आठवड्यांनी एमआरआयवर तसाच चमकतो. फरक कसा कळणार? ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांच्या आत काढलेला एमआरआय शेजारी ठेवून. म्हणून तो काढलाय का, हे डिस्चार्जच्या आधीच विचारा.

मधल्या काळात सकाळी उठल्यावर डोकं दुखून उलटी होणं, हातापायातली ताकद कमी होणं, शब्द न सुचणं, फिट येणं, यांपैकी काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. मेंदूची सूज कमी करणाऱ्या डेक्सामेथासोनच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. त्यांनी साखर वाढते, म्हणून मधुमेह असेल तर ती तपासत राहा.

रेडिएशन विभागात पहिल्या दिवशी जाताना ऑपरेशनच्या आधीच्या आणि नंतरच्या, अशा दोन्ही एमआरआयच्या सीडी बरोबर न्या. नुसत्या फिल्म नेऊन भागत नाही. आराखडा कॉम्प्युटरवर आखतात आणि त्याला सीडीतलीच चित्रं लागतात. सीडी हरवली असेल तर जिथं एमआरआय काढला तिथं आजच फोन करा.

नमस्कार.