पन्नास टक्के म्हणजे एक मुलगी

नमस्कार, श्रोते हो. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलपट्ट्यातील एका वाडीवर मी बरीच वर्षे सरकारी मराठी शाळेत शिक्षक होतो. पहिली ते पाचवीचे वर्ग, पटावर मुले अकरा आणि शिक्षक आम्ही दोघे. पहिली ते तिसरीची मुले नलीकलीच्या, म्हणजे कार्डांवरून खेळत शिकण्याच्या पद्धतीच्या, खोलीत गटागटाने कार्डे घेऊन बसत, चौथी आणि पाचवी माझ्याकडे असे. अशा लहान शाळेचा निकाल कसा वाचावा आणि तिचा पट का घटतो, हे मला आज आपल्याला सांगायचे आहे.

त्या वर्षी पाचवीत दोनच मुले होती, एक मुलगा आणि एक मुलगी. सहामाही परीक्षेत मुलगा गणितात उत्तीर्ण झाला; मुलीने मात्र अपूर्णांकांचे सगळे प्रश्न कोरे सोडले होते. तक्त्यात आमच्या पाचवीचा गणिताचा निकाल पन्नास टक्के असा गेला आणि बैठकीत तो सर्वांसमोर वाचून दाखवण्यात आला. चाळीस मुलांच्या वर्गात पन्नास टक्के म्हणजे वीस मुले होतात. आमच्याकडे पन्नास टक्के म्हणजे एक मुलगी. हे पुन्हा सांगतो, कारण सगळी गोष्ट इथेच आहे: आमच्याकडे पन्नास टक्के म्हणजे एक मुलगी, आणि तिचे घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर होते.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. भातकापणीला अजून अवकाश होता. रेशन मिळाल्यामुळे शेजारीण मागे उसने नेलेले दोन शेर तांदूळ परत करायला आली होती आणि सोप्यात ही मुलगी ते मोजून घेत होती. शीग तळहाताने सारखी करत तिने तीन मापटी सुपात ओतली, मग एक चिपटे ओतले. शेजारणीची पिशवी रिकामी झाली. मुलीने वरही न पाहता सांगितले, “आज्जी, पावणेदोन शेर झालं. एक चिपटं कमी हाय.” शेजारीण म्हणाली, “उद्या आणून देतो की गं बाई,” आणि निघून गेली.

श्रोते हो, मापटे म्हणजे अर्धा शेर आणि चिपटे म्हणजे पाव शेर, हे आपल्या घरांत कोणाला सांगावे लागत नाही. तीन मापटी म्हणजे दीड, त्यात पाव मिळवला की पावणेदोन. माझ्या प्रश्नपत्रिकेत नेमके हेच विचारले होते, दीड अधिक पाव, फक्त ते आडव्या रेघेच्या वर-खाली आकडे मांडून विचारले होते. ज्या मुलीने तो प्रश्न कोरा सोडला होता, तीच मुलगी माझ्यासमोर सुपातल्या तांदळात त्याचे उत्तर देऊन मोकळी झाली होती. मी आज्जींकडून ते मापटे आणि चिपटे मागून घेतले, दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर मांडले आणि प्रत्येकाखाली खडूने त्याचा अपूर्णांक लिहिला. पुढचे आठ दिवस चौथी-पाचवीची मुले अक्षर दासोहाचा, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाचा, तांदूळ मोजून गणित करत होती.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा आणि दीड यांचे पाढे आपल्या शाळांतून गेले, ही माझ्या मते मोठी हानी झाली आहे. ते पुन्हा सुरू करावेत, असे मी प्रत्येक बैठकीत सांगत आलो आहे आणि आजही सांगतो.

वार्षिक परीक्षेत ती मुलगी उत्तीर्ण झाली. तक्त्यात पाचवीचा निकाल शंभर टक्के लागला आणि पन्नासावरून शंभरावर आणल्याबद्दल बैठकीत माझे अभिनंदन झाले. ते मला स्वीकारवले नाही, कारण तोपर्यंत पाचवीत एकच मूल उरले होते. दिवाळीनंतर त्या मुलाचे आईवडील बांधकामाच्या कामासाठी त्याला घेऊन गोव्याला गेले होते.

पट घटतो तो असा. काही घरे गोव्याला जातात, काही मुले दारात येणाऱ्या गाडीने इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात आणि मुळात वाडीत लहान मुलेच कमी उरली आहेत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्यानुसार प्राथमिक शाळेत साठपर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक हवेत. हा दुसरा शिक्षक फार मोलाचा आहे, कारण एकशिक्षकी शाळेतील शिक्षक बैठकीला गेला की त्या दिवशी शिकवणे थांबते.

तो मुलगा शिमग्याला गावी आला, तेव्हा समजले की चार महिने तो कोणत्याच शाळेत गेला नव्हता. गोव्यातही मराठी शाळा आहेत, पण दाखला नाही म्हणून कोणी घेणार नाही, अशा समजुतीने आईवडिलांनी विचारलेच नव्हते. जाताना मीही त्यांना काही सांगितले नव्हते. ती चूक माझी होती. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार मुख्याध्यापकाने शाळा सोडल्याचा दाखला मागताच द्यावा लागतो, आणि दाखला यायला उशीर झाला तरी त्या कारणाने नव्या सरकारी शाळेला मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. पुन्हा सांगतो, दाखला मागताच मिळतो, आणि तो हाती नसला तरी प्रवेश अडत नाही. त्या मुलाचा दाखला मी त्याच दिवशी लिहून दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने त्याचे वडील तो घडी करून खिशात घालून निघाले.

आपल्या वाडीतील एखादे घर या हंगामात कामासाठी बाहेर पडणार असेल, तर आज संध्याकाळीच त्यांना हे सांगा. नमस्कार.